फाल्मथ ते आ कोरुन्या: बिस्केच्या उपसागरातले ९३ तास

फाल्मथच्या बंदरात आम्ही चार दिवस केवळ वाऱ्याची वाट पाहत थांबलो होतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळचे हे बंदर दक्षिणेकडे निघणाऱ्या शिडाच्या बोटींना फार पूर्वीपासून सोयीचे ठरत आले आहे, आणि माझ्यापुरते त्याचे आणखी एक मोल होते. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याच बंदरातून एकटे निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, वाटेत कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून इथेच परतले. त्यांची ‘सुहेली’ ही जेमतेम ३२ फुटांची बोट मुंबईत, सागवानी लाकडात बांधलेली होती. रोज संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून मी बंदराच्या तोंडाकडे पाहत असे, आणि मुंबईतल्या सुतारांच्या हातची बोट याच तोंडातून बाहेर पडली होती या विचाराने ऊर भरून येत असे.

आम्हाला जायचे होते ते त्या मानाने अगदी जवळ. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातले आ कोरुन्या हे बंदर सरळ रेषेत सुमारे ४३० सागरी मैलांवर आहे, आणि आमच्या १२ मीटर लांबीच्या, एका डोलकाठीच्या बोटीला ते अंतर कापायला साडेतीन दिवस पुरतील असा हिशेब होता. बोटीवर आम्ही पाच जण होतो: स्किपर (म्हणजे बोटीच्या कप्तान) बाई, त्यांचे सहायक आणि आम्ही तिघे शिकाऊ खलाशी. यापूर्वी मी किनाऱ्याकिनाऱ्याने बरीच सफर केली होती, परंतु जमीन दिसेनाशी झाल्यावर तीन रात्री सलग समुद्रात काढण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग होता.

वाटेत लागणाऱ्या, फ्रान्स आणि स्पेन यांच्या किनाऱ्यांमधल्या बिस्केच्या उपसागराचे नाव काढले की खलाशांच्या बोलण्यात एक प्रकारची सावधगिरी येते. त्यामागचे कारण नकाशा पाहिल्यावरच मला नीट उमगले. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यापासून बरेच दूरवर समुद्राचा तळ दोनशे मीटरांच्या आतच राहतो, आणि मग थोड्याच अंतरात तो चार हजार मीटरांपेक्षा खोल जातो. अटलांटिकमध्ये शेकडो मैल मोकळ्या धावत आलेल्या लाटा या कड्यावर येऊन पोचतात, त्यात भरती-ओहोटीचे प्रवाह मिसळतात, आणि पाणी ढवळून निघते. म्हणून ही कड शक्यतो शांत हवेत ओलांडावी असे जाणकार सांगतात. त्यातच पश्चिमेकडून एकामागून एक येणारे कमी दाबाचे पट्टे याच भागावरून किंवा याच्या थोडे उत्तरेकडून सरकतात, त्यामुळे ‘शांत हवा’ ही गोष्ट तीन दिवसांपुरतीसुद्धा हमखास मिळेल असे नसते. ब्रिटिश हवामान खात्याच्या सागरी अंदाजात आमच्या वाटेवरचा शेवटचा विभाग फिट्झरॉय या नावाचा आहे. पूर्वी त्याला फिनिस्टेर म्हणत. २००२ साली ते नाव बदलून, त्या खात्याचे संस्थापक आणि ‘बीगल’ जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांचे नाव त्याला देण्यात आले. वादळाची पूर्वसूचना खलाशांपर्यंत पोचावी म्हणून झटलेल्या माणसाचे नाव रोज अंदाजात उच्चारले जाते, ही मला फार उचित गोष्ट वाटते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी बारा वाजता आम्ही दोर सोडले. वायव्येकडून मध्यम वारा होता, ऊन होते, आणि कमी दाबाचा पुढचा पट्टा आमच्या बऱ्याच उत्तरेकडून जाईल असे अंदाज सांगत होता. पहिली रात्र ब्रिटनीच्या टोकाजवळच्या उशांत बेटाच्या पश्चिमेने काढली. तिथे इंग्लिश खाडीत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी स्वतंत्र मार्गिका आखलेल्या आहेत. त्या टाळण्यासाठी आम्ही मुद्दाम पश्चिमेकडे सरकून राहिलो होतो, तरीही क्षितिजावर जहाजांच्या दिव्यांची रांग रात्रभर तुटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिनांचा एक कळप तासभर नाळेशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, खेळत राहिला. मी मळमळीची गोळी निघण्यापूर्वी घ्यायची ती घेतली नव्हती, कारण समुद्र शांत होता आणि गोळीने झोप येते असे ऐकले होते. ही चूक मला पुढे फार जड गेली. पोटात ढवळू लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही, एवढी साधी गोष्ट मी विचारात घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वायुभारमापकाचा काटा उतरू लागला. आभाळाला आधी विरळ पांढरा पडदा आला, सूर्याभोवती खळे पडले, मग ढग खाली येत गेले आणि वारा नैर्ऋत्येकडे फिरला, म्हणजे नेमका आम्हाला जायचे होते त्या दिशेने समोरून येऊ लागला. नव्या अंदाजात मुख्य पट्ट्याच्या दक्षिणेला एक दुय्यम कमी दाबाचे केंद्र तयार झाल्याचे कळले. स्किपर बाईंनी सगळ्यांना कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, बोलावून शांतपणे सांगितले, की रात्री ब्युफोर्ट मापनातला (वाऱ्याचा जोर ० ते १२ मध्ये मोजणाऱ्या पट्टीवरचा) ७ ते ८ बळाचा वारा मिळेल, अंधार पडण्याआधी सर्वांनी काहीतरी गरम पोटात घालावे, आणि यापुढे जिन्याची पहिली पायरी चढण्यापूर्वी हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षापट्ट्याचा, आकडा बोटीला अडकवलेला असलाच पाहिजे.

सायंकाळी सातच्या सुमारास मी खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यापुढे बसले होते. १६० मीटर, १७५, १९०. मग आकडे लुकलुकू लागले, एकदा २४० दिसले, आणि त्यानंतर आकड्यांच्या जागी केवळ तीन आडव्या रेघा उरल्या. तळाशी असलेला आमचा संबंध संपला होता. वाऱ्याचा जोर अजून वाढायचा होता, पण लाटांचा आकार त्या तासाभरातच बदलला. आतापर्यंत बोट त्यांच्यावर चढत आणि उतरत होती. आता एखादी लाट पुढून उभीच्या उभी यायची, नाळ हवेत उचलली जायची आणि मग आठ-नऊ टनांची बोट पाण्यावर अशी आपटायची, की डोलकाठीपासून तळापर्यंत सारे थरारून उठायचे. मोठ्या शिडाला आम्ही तिसरा रीफ घेतला, म्हणजे शीड आणखी खाली उतरवून त्याचा फक्त वरचा लहानसा भाग वाऱ्याला उघडा ठेवला. हे काम सांगायला एका वाक्याचे आहे. प्रत्यक्षात दोघांना डोलकाठीशी गुडघ्यांवर बसून, गार पाण्याचे लोट अंगावर घेत, ओल्या दोराशी वीस मिनिटे झटावे लागले.

रात्री दहाच्या सुमारास पाळी संपवून मी खाली आले आणि केबिनच्या फळ्यांवरून पाणी वाहताना पाहिले. बोट कलली की ते एका बाजूला जमायचे, दुसरीकडे कलली की त्या बाजूला धावायचे. समुद्रात बोटीच्या आत पाणी दिसणे याचा अर्थ काय असू शकतो हे मला पुस्तकातून माहीत होते. ते पायाखाली पाहताना घशाला कोरड पडली. सहायकांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर त्या पाण्यात तर्जनी बुडवून ती जिभेला लावली. गोडे पाणी निघाले असते तर आमची पिण्याच्या पाण्याची टाकी फुटली असा अर्थ होता, आणि खारे निघाले तर समुद्र आत येत होता. ते खारे होते.

स्किपर बाईंनी त्या क्षणी घेतलेला निर्णय मला या सबंध सफरीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. समोरच्या वाऱ्याशी झगडत पुढे जाण्याचा प्रयत्न त्यांनी सोडून दिला आणि बोट ‘हीव्ह-टू’ केली. पुढचे लहान शीड उलट्या बाजूला, म्हणजे वाऱ्याकडे ताणून धरायचे, मोठे शीड तीन रीफांवर तसेच ठेवायचे आणि सुकाणूचे चाक वाऱ्याकडे पूर्ण वळवून बांधून टाकायचे. एक शीड बोटीला वाऱ्यापासून दूर ढकलते, दुसरे शीड आणि सुकाणू तिला पुन्हा वाऱ्याकडे वळवतात, आणि या ओढाताणीत बोट जवळजवळ जागच्या जागी, वाऱ्याला थोडी तिरकी, आडवी सरकत राहते. मी हे सरावात दोनदा केले होते, पण शांत पाण्यात. या रात्री त्याचा परिणाम पाहून मी थक्क झाले. वारा ३६ नॉटवर, म्हणजे ताशी ३६ सागरी मैलांवर होता, आवाज तोच होता, परंतु आपटणे थांबले. लाटा बोटीखालून सरकू लागल्या आणि माणसाला उभे राहून दोन्ही हातांनी काम करणे शक्य झाले.

मग शोध सुरू झाला. तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या प्रत्येक नळीची तोटी आम्ही टॉर्च धरून, हात फिरवून तपासली. इंजिनचा दांडा जिथून बाहेर जातो ती जागा कोरडी होती. सुकाणूच्या खांबाभोवतीही काही नव्हते. एक जण हाताने पंप मारत होता आणि उरलेले फळ्या उचलून पुढे पुढे सरकत होते. शेवटी नाळेकडच्या झोपायच्या जागेत पोचल्यावर कारण सापडले: छताच्या झडपेच्या दोन मुठींपैकी एक पुरती वळवलेली नव्हती, आणि डेकवरून वाहणाऱ्या प्रत्येक लाटेबरोबर त्या फटीतून पाण्याची चादर आत उतरत होती. दोन्ही गाद्या, तीन जणांचे कपडे आणि सगळी सुकी टॉवेले भिजून गेली होती. निघण्यापूर्वीच्या तपासणीच्या यादीत ती झडप माझ्या नावापुढे होती. मी ती बंद केली होती, पण दुसरी मूठ शेवटपर्यंत वळवली नव्हती. मी तसे सर्वांसमोर सांगितले. कोणी रागावले नाही. सहायकांनी मूठ घट्ट केली, स्किपर बाईंनी वेळ आणि कारण नोंदवहीत लिहिले आणि आम्ही पाणी उपसायला लागलो. एकही शब्द न बोलता झालेला तो स्वीकार मला आजही आठवतो.

सात तास आम्ही तसेच तरंगत राहिलो. त्या अवधीत मी किती वेळा बादलीकडे धावले याची गणती नाही. पहाटे पाचच्या सुमारास मुसळधार पाऊस कोसळला, आणि तो थांबता थांबता वारा काही मिनिटांत नैर्ऋत्येकडून वायव्येकडे फिरला. कमी दाबाची आघाडी आमच्या डोक्यावरून पुढे गेली होती. आता वाऱ्याची दिशा आम्हाला अनुकूल होती, पण समुद्राची नव्हती. रात्रभर उठलेल्या नैर्ऋत्येच्या लाटा अजून तशाच येत होत्या आणि त्यांच्यावर वायव्येच्या नव्या लाटा आडव्या चढत होत्या. दोन्हींचे माथे एकत्र आले की पाण्याचा एक टोकदार ढिगारा उभा राहायचा, चार-पाच मीटरांचा, आणि तो कोणत्या बाजूला कोसळेल याचा नेम नसायचा. माझ्या मते वादळापेक्षा वादळानंतरचा हा दिवस अधिक कठीण होता, कारण त्याला काही लय नव्हती, आणि सुकाणूवर बसणाऱ्याला अर्धा तासही मन दुसरीकडे वळवता येत नव्हते. तिसऱ्या रात्री पिछाडीखाली एक जोराचा धक्का बसला तेव्हा आम्ही सर्वच दचकलो. २०२० पासून या किनाऱ्यांवर ऑर्का (किलर व्हेल) शिडाच्या बोटींच्या सुकाणूंना धडका देऊ लागले आहेत आणि काही बोटी त्यात बुडालेल्याही आहेत. बराच वेळ कान देऊन बसलो. दुसरा धक्का आला नाही. ती लाटच असावी.

चौथ्या दिवशी ऊन पडले, वारा उतरला, आणि मी बिस्किटाचा पहिला तुकडा पचवला. दोरांवर गाद्यांची अभ्रे वाळत घालून आम्ही दक्षिणेकडे सरकत होतो. त्या रात्री, पहाटेच्या चारच्या पाळीला, समोरच्या क्षितिजाखाली एक फिकट उजेड वर येऊन गेल्यासारखा वाटला. मी घड्याळ धरून मोजू लागले. चार झोत, मग काळोख. विसाव्या सेकंदाला पुन्हा चार झोत. दिव्यांच्या यादीत पाहायची गरज नव्हती, तरी पाहिले: दर २० सेकंदांना ४ झोत, पल्ला २३ सागरी मैल, हर्क्युलिसचा मनोरा, आ कोरुन्या. खाली जाऊन मी स्किपर बाईंना उठवले आणि नुसते “दिसला” एवढेच म्हणाले.

सकाळी नऊ वाजता, फाल्मथ सोडल्यापासून ९३ तासांनी, लांबलचक बांधाला वळसा घालून आम्ही बंदरात शिरलो. इंजिन बंद केल्यावर जी शांतता पसरली तिच्यात दोरांच्या करकरण्याचाही आवाज मोठा वाटला. पारपत्रावर शिक्के मिळाले, घड्याळे एक तास पुढे केली आणि गोड्या पाण्याने बोट धुऊन काढली. धक्क्यावर पाऊल ठेवले तेव्हा जमीन डोलू लागली. चार दिवस लाटांशी जुळवून घेतलेला, तोल सांभाळणारा आतला कान स्थिर जमीन मानायला तयार नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीला हात लावल्याशिवाय मला जिना उतरता येत नव्हता. तिसऱ्या रीफचा दोर एका कप्पीपाशी घासून त्याचे वरचे वेष्टन निघाले होते. तो बदलण्यात आणि शिडाची एक शिवण पुन्हा घालण्यात एक दिवस गेला.

त्यानंतरचे दोन दिवस मी शहर पायी पाहिले. आ कोरुन्याची रचना एका अरुंद भूपट्टीवर आहे: एका बाजूला बंदराचे निवांत पाणी, आणि दहा मिनिटे चालून गेले की दुसऱ्या बाजूला ओर्सानची पुळण, जिथे थेट अटलांटिकच्या लाटा येऊन फुटतात. आम्हाला छळणाऱ्या वायव्येच्या लाटा अजूनही तिथे येत होत्या, आणि कठड्याला टेकून त्या पाहताना त्यांच्यातले अंतर मी नकळत मोजत होते. बंदराकडच्या रस्त्यावर ओळीने उंच घरे आहेत, ज्यांचे सज्जे पांढऱ्या लाकडी चौकटींत काचेने पूर्ण बंद केलेले आहेत. त्यावरून या गावाला ‘काचेचे शहर’ म्हणतात. वारा-पाऊस बाहेर ठेवून ऊन आत घेण्याची ही युक्ती पाहताना जुन्या जहाजांच्या पिछाडीला असणाऱ्या काचबंद सज्जांची आठवण येते.

हर्क्युलिसच्या मनोऱ्याकडे मी दोनदा गेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रोमनांनी बांधलेले हे दीपगृह आजही दीपगृह म्हणूनच काम करते, आणि २००९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. बाहेरचे दगडी आवरण १८ व्या शतकाच्या अखेरीस चढवलेले आहे. त्यावर तिरपी चढत जाणारी एक पट्टी कोरलेली दिसते, ती पूर्वी मनोऱ्याला बाहेरून वेढणाऱ्या चढणीच्या वाटेची खूण. आत गेल्यावर मात्र रोमन भिंती तशाच उभ्या आहेत. पायथ्याशी खडकात एक लेख आहे, त्यात मार्स देवाला केलेले अर्पण आणि गायस सेवियस लुपस या वास्तुविशारदाचे नाव कोरलेले आहे. मी तो दगड बराच वेळ पाहत राहिले. रात्री ज्या दिव्याला मी ‘दिसला’ म्हटले, त्याचा मनोरा बांधणाऱ्या माणसाचे नाव मला वाचता येत होते. अर्थात दिवा असूनही समुद्र आपला वाटा घेतो: ३ डिसेंबर १९९२ रोजी ‘एजियन सी’ हे तेलवाहू जहाज याच मनोऱ्याखालच्या खडकांवर आदळून फुटले, आणि किनारा तेलाने माखला.

गावात इतिहास जागोजागी आहे. १५८८ साली इंग्लंडवर चालून जाण्यासाठी लिस्बनहून निघालेले स्पॅनिश आरमार वादळाने विखुरले तेव्हा डागडुजीसाठी याच बंदरात आले होते. पुढच्याच वर्षी ड्रेक आणि नॉरिस यांच्या इंग्रज फौजेने गावाला वेढा घातला, आणि तो परतवण्यात पुढे असलेल्या मारिया पिता या स्त्रीचे नाव मुख्य चौकाला आहे. १८०९ साली इथे फ्रेंचांशी झालेल्या लढाईत पडलेले ब्रिटिश सेनापती सर जॉन मूर सान कार्लोसच्या बागेत विसावलेले आहेत. हे सर्व मी पाहिले, परंतु माझे मन वेगळ्याच एका प्रसंगावर थांबले.

३० नोव्हेंबर १८०३ रोजी डॉक्टर फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस या बंदरातून अमेरिका खंडाकडे देवीची लस घेऊन निघाले. लस टिकवण्याचे दुसरे खात्रीचे साधन नव्हते, म्हणून ती माणसांच्या शरीरातून नेण्यात आली. जहाजावर ३ ते ९ वर्षांची २२ मुले घेतली होती. दोघांना एकदम टोचायचे, नऊ-दहा दिवसांनी त्यांच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून पुढच्या दोघांना टोचायचे, आणि ही साखळी पैलतीरापर्यंत तुटू द्यायची नाही. मुलांची देखभाल इसाबेल सेंदाल या बाईंकडे होती; त्या इथल्या अनाथालयाच्या प्रमुख होत्या. नोव्हेंबरच्या अखेरचा हा समुद्र, शिडाचे लाकडी जहाज, ओकाऱ्या काढणारी बावीस लेकरे. फोड खाजवून फुटला तर लस वाया जायची. झोपेत एखादे मूल दुसऱ्याला चिकटले आणि लस भलत्याला लागली, तर पुढची पाळी चुकायची. जूनच्या समुद्रात चार दिवस मला पेला धड धरता आला नव्हता. सान आंतोनच्या जुन्या किल्ल्यापाशी कठड्यावर बसून मी अंधार पडेपर्यंत बंदराच्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या बाईंनी रात्री त्या दोन मुलांचे हात कसे धरून ठेवले असतील, याचाच विचार करत होते.

पाचव्या दिवशी पहाटे आम्ही पश्चिमेकडे, कोस्ता दा मोर्ते या किनाऱ्याला वळसा घालायला निघालो. दोर सोडण्यापूर्वी स्किपर बाईंनी तपासणीची नवी यादी वाटली. नाळेकडची झडप त्यांनी पुन्हा माझ्याच नावापुढे ठेवली होती.